रोबो मोडला तरी वही राहू द्या: जळगाव-धुळ्याच्या रोबोटिक्स टीमची गोष्ट

   आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण राजे-लढायांचा नाही. कॉलेजच्या टेकफेस्टला जे छोटे रोबो धावतात ना, त्यांच्या टीमचा इतिहास आज सांगणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

सुरुवातीला एक प्रश्न. लाइन फॉलोअर रोबो, म्हणजे पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीमागे चालणारी छोटी गाडी, वर्गात ट्यूबलाइटखाली झकास चालते. तीच गाडी स्पर्धेच्या दिवशी मांडवात नेली की पट्टी सोडून भलतीकडे पळते. का?

उत्तर सोपं आहे. गाडीच्या पोटाखालचा सेन्सर इन्फ्रारेड किरण जमिनीवर टाकतो आणि किती परत आले ते बघतो. पांढरा भाग किरण परत पाठवतो, काळा भाग गिळून टाकतो. पण उन्हातही इन्फ्रारेड असतं, आणि आपल्याकडचं फेब्रुवारी-मार्चचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मांडवाच्या फटीतून ऊन आलं की सेन्सरला सगळंच पांढरं दिसायला लागतं. उपाय पाच-दहा रुपयांचा: सेन्सरभोवती काळ्या चार्ट पेपरची झालर लावायची, सेन्सर जमिनीच्या जवळ आणायचा आणि मैदानावर गेल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करायचं.

आता खरी गोष्ट ऐका. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना हे उत्तर कधीपासूनच माहीत आहे. तरीही दरवर्षी कुठली ना कुठली टीम स्पर्धेच्या दिवशीच हे नव्याने शिकते आणि पहिल्या फेरीत बाहेर पडते. असं का होतं? आपल्या रोबोटिक्सची ताकद आणि तिची दुखरी नस, दोन्ही या एका प्रश्नात सापडतात. म्हणून जरा मागून सुरुवात करूया.

टोकियो ते बालेवाडी

१९८८ साली जपानच्या एनएचके या सार्वजनिक टीव्ही वाहिनीने तिथल्या तंत्रनिकेतनांसाठी रोबो स्पर्धा सुरू केली. तिच्यामागे मासाहिरो मोरी या प्राध्यापकांची कल्पना होती. मुलांनी स्वतःच्या हाताने यंत्र बनवावं, ते खेळात उतरवावं आणि लोकांनी टीव्हीवर बघावं. ही कल्पना चांगलीच रुजली. २००२ साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने, म्हणजे एबीयूने, टोकियोत पहिली एबीयू रोबोकॉन भरवली. दूरदर्शन एबीयूचं सदस्य असल्यामुळे भारतातली राष्ट्रीय फेरी दूरदर्शनकडे आली. ती अनेक वर्षं पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात होत होती.

मग आलं २००८. एबीयू रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली. थीम काय होती माहितीये? गोविंदा! आपली दहीहंडी. उंचावरच्या भांड्यांतलं लोणी रोबोंनी काढायचं. जपान, चीन, व्हिएतनाम, इजिप्तची मुलं महाराष्ट्रात येऊन दहीहंडीचं गणित सोडवत होती. २०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. २०२२ चं यजमानपद दिल्लीकडे होतं आणि थीम होती लगोरी. चेंडू मारून लगोऱ्या पाडायच्या, पुन्हा रचायच्या, आणि दुसऱ्या टीमने अडवायचं. म्हणजे गल्लीत आपण जे खेळ खेळत मोठे झालो, त्यांतले दोन जगाच्या रोबोंनी खेळून दाखवले.

आता या नकाशावर खान्देश कुठे बसतो ते बघा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला श्रम साधना ट्रस्टचं कॉलेज सुरू झालं. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं, १९९६ मध्ये जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, २००१ मध्ये शिरपूरचं आर. सी. पटेल. याआधी इंजिनिअर व्हायचं म्हणजे बहुतेक पोरांना घर सोडावं लागायचं. आता घरून डबा घेऊन, एसटीच्या पासवर इंजिनिअरिंग करणारी पिढी तयार झाली. आपल्या रोबोटिक्सची मुळं या पिढीत आहेत.

वर्कशॉपचं पीक

२००८ च्या पुढची काही वर्षं आठवतात का? मोठ्या शहरांतल्या कंपन्या कॉलेजात दोन दिवसांचं रोबोटिक्स वर्कशॉप घ्यायच्या. चार-पाच जणांत एक किट. त्यात एटमेगाचा बोर्ड, मोटर चालवायला एल२९३डी चिप, दोन गिअर मोटर, एक कॅस्टर चाक आणि दोन सेन्सर. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पट्टीवर चालायची, टाळ्या वाजायच्या, सर्टिफिकेट मिळायचं.

या वर्कशॉपना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. ज्या मुलाने मोटरला तोवर फक्त पाणी उपसताना पाहिलं होतं, त्याने पहिल्यांदा कोड लिहून मोटर फिरवली ती इथेच. पण त्यांनी एक सवयही लावली. रोबोटिक्स म्हणजे दोन दिवसांचा इव्हेंट, आणि शेवटी हातात पडतो तो कागद, असं डोक्यात बसलं. एका कॉलेजात, नाव घेत नाही, मी स्वतः पाहिलंय: कपाटात अकरा किट कुलूपबंद. चावी ज्या सरांकडे होती त्यांची बदली झालेली. विद्यार्थी मात्र तेच सुटे भाग बाजारातून पुन्हा विकत आणत होते.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात सुरू झालेला अर्डुइनो बोर्ड हळूहळू आपल्या दुकानांत पोहोचला. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. शिकवणारा माणूस आता गावात असायची गरज उरली नाही. बेंगळुरूचा, अमेरिकेचा कुणीही मोबाइलवर येऊन शिकवायला लागला.

कुरिअरने आलेला रोबो

या सगळ्यात आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी एक बदल मला सर्वात मोठा वाटतो. आयआयटी मुंबईची ई-यंत्र स्पर्धा. केंद्र सरकारच्या निधीवर चालते, २०१२ पासून. चार जणांची टीम. निवड झाली की किट कुरिअरने तुमच्याकडे, मोफत. मग एकामागून एक टास्क येतात. ते करायचे, व्हिडिओ काढायचा, कोड जमा करायचा. शेवटची फेरी आयआयटीत.

यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे अंतर मिटलं. रोबोकॉनला जायचं तर रोबो खोक्यात भरून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला न्यायचा, वाटेत वेल्डिंग सुटू नये म्हणून देवाला नमस्कार करायचा. अनेक वर्षांच्या नियमांत सगळ्या रोबोंचं मिळून वजन ५० किलोपर्यंत चालायचं. एवढं ओझं, दहा-बारा पोरं, राहणं-खाणं. हा खर्च लहान कॉलेजाला झेपत नाही. ई-यंत्रमध्ये यंत्र घरी येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ई-यंत्रमध्ये तुमचा रोबो चालला एवढं पुरत नाही. कोड नीट लिहिलाय का, दुसऱ्याला समजेल का, हेही बघतात. म्हणजे लिहून ठेवण्याला मार्क आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शाळांपर्यंतही वारं पोहोचलं. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख लॅब उभी करायला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला.

आपली ताकद कुठे आहे?

पहिली ताकद म्हणजे आपली दुकानं. जळगावात पाइप आहे, ठिबक आहे, चटईचे कारखाने आहेत, दालमिल आहेत. धुळ्यात यंत्रमाग आहेत. भुसावळला रेल्वे. या सगळ्यांभोवती लेथवाले, वेल्डिंगवाले, मोटर रिवायंडिंगवाले बसलेत. पुण्या-मुंबईच्या मुलाने भाग ऑनलाइन मागवला तर चार दिवस थांबतो. आपल्याकडचं पोरगं एमआयडीसीत जातं, काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसतं आणि संध्याकाळी शाफ्ट घेऊन येतं. काका वर विचारतात, "हाई काय शे रे?" आणि पोराने सांगितलं की दोन सुधारणा स्वतःच सुचवतात. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, सायकलची चेन, वायपरची मोटर. असल्या रोबोला हसणारे असतात, पण मोडल्यावर तो कुठेही दुरुस्त होतो.

दुसरी ताकद भाषेची. पीआयडी कंट्रोल इंग्रजी पुस्तकातून वाचला तर डोकं धरायची वेळ येते. सीनियर एका वाक्यात सांगतो: "पट्टीपासून जेवढा लांब गेलास तेवढा जोरात वळ, पण जवळ यायला लागलास की आधीच ब्रेक मार, नाहीतर झोकांड्या खाशील." अर्धं मराठीत, अर्धं अहिराणीत. हे ज्ञान कुठल्याही व्हिडिओत या शब्दांत मिळत नाही.

तिसरी ताकद ओळखीपाळखीची. आपल्याकडे समोरच्या टीममध्ये कुणाचा तरी मावसभाऊ असतोच. लिपो बॅटरी फुगली, आता काय? समोरचेच काढून देतात. अमेरिकेत १९८९ साली फर्स्ट नावाची संस्था स्थापन झाली, १९९२ पासून तिच्या स्पर्धा होतात. प्रतिस्पर्ध्यालाही मदत करा, हे तिथे मुद्दाम शिकवतात, त्याला खास नाव आहे. आपल्याकडे ते नात्यातून आपोआप होतं.

आणि दुखरी नस?

आता कडू गोळी.

रोबोटिक्स टीमचं आयुष्य किती? पहिल्या वर्षी मुलगा नुसता बघतो. दुसऱ्या वर्षी तारा जोडतो. तिसऱ्या वर्षी खरं काम करतो. चौथ्या वर्षी प्लेसमेंट. म्हणजे पूर्ण शिकलेला माणूस टीमला जेमतेम दीड वर्ष मिळतो, आणि जाताना सगळं डोक्यात घेऊन जातो. डिप्लोमाच्या मुलांचं तर विचारूच नका, त्यांची तीनच वर्षं. मोटर कुठल्या दुकानातून घेतली, कुठली बॅटरी लवकर बसते, मांडवात सेन्सर का फसतो, सगळं त्याच्याबरोबर पुण्याला जातं.

कोविडमध्ये हे उघडं पडलं. २०२० ची एबीयू रोबोकॉन फिजीच्या सुवा शहरात व्हायची होती, ती नेहमीसारखी झालीच नाही. आपल्याकडे कॉलेजं बंद. दोन बॅच घरी बसून पास झाल्या. कॉलेज उघडलं तेव्हा लॅबमध्ये रोबो होते, पण ते का तसे बनवले हे सांगणारं कुणी नव्हतं. मोठ्या क्लबांनाही फटका बसला, पण त्यांच्याकडे जुन्या फाइली, ड्रॉइंग, कोड होता. ज्यांचं सगळं तोंडी चालतं, त्यांचं सगळं गेलं.

रोबोकॉनची थीम दरवर्षी बदलते. त्यामुळे वाटतं की दरवर्षी सगळे शून्यापासून सुरू करतात. तसं नसतं. थीम बदलली तरी चाकांचा बेस, पकडायचा पंजा, हवेच्या दाबावरचा सिलिंडर हे सगळं पुन्हा वापरता येतं. ज्या टीमकडे मागच्या दहा वर्षांची नोंद आहे, ती निम्म्यापासून सुरू करते. आपण दरवर्षी खरोखरच शून्यापासून.

दुसरी अडचण एकाच खांबावरच्या तंबूची. एक हौशी सर असतात, ते आहेत तोवर क्लब. बदली झाली, पीएचडीला गेले, की क्लबचा बोर्ड तेवढा उरतो.

तिसरी म्हणजे प्रत्येकाची चूल वेगळी. एकेकाळी सगळी इंजिनिअरिंग कॉलेजं एकाच विद्यापीठात होती. पुढे काही लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली, काही स्वायत्त झाली. परीक्षांची वेळापत्रकं वेगळी झाली आणि टेकफेस्ट मात्र त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकमेकांच्या तारखांवर. सगळीकडे तीच रोबो रेस, तोच लाइन फॉलोअर. जळगाव ते धुळे अंतर नव्वदेक किलोमीटर. रोज एसटी धावतात, पण रोबो फारसे जात-येत नाहीत.

चौथी गोष्ट मुली. वर्कशॉपचं खरं काम संध्याकाळी सहानंतर रंगतं. त्याच वेळी होस्टेलचं गेट बंद व्हायला येतं, नाहीतर गावाकडची शेवटची एसटी निघते. मग मुलींच्या वाट्याला येतं पोस्टर आणि प्रेझेंटेशन. आणि नंतर आपणच म्हणतो, मुलींना मेकॅनिकलमध्ये रस नसतो. वेळापत्रक पोरांच्या सोयीचं ठेवून असं बोलणं बरोबर नाही.

राजवाडे आणि बहिणाबाई

आता तुम्ही म्हणाल, दादा, इतिहासाचा एपिसोड म्हणालात आणि मोटर-बॅटरी काय लावलीय? तर इतिहास आता येतोय.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झालं. हा माणूस गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची, पेटीतली जुनी दफ्तरं गोळा करायचा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालिकेचे २२ खंड निघाले. पहिला खंड १८९८ चा, त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. विचार करा, पानिपतावर इतकी माणसं गेली, तरी तिथे रसद कशी तुटली, कोण काय कळवत होतं, हे आपल्याला कळतं. कारण कुणीतरी पत्र लिहिलं होतं आणि कुणीतरी ते जपलं. १९२७ साली त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं.

आणि जळगावकडे बहिणाबाई चौधरी. असोद्याचं माहेर, १८८० चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या दोघांनी वही उघडली नसती तर ही गाणी दोन पिढ्यांत विरली असती.

म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा सर्वात मोठा वारसा कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलं म्हणून हाती लागला. आणि त्याच जिल्ह्यांतली आपली रोबोटिक्स टीम काहीच लिहीत नाही! मला हे फार लागतं.

मग काय करायचं?

मोठी लॅब, मोठा निधी, हे मागत बसलो तर अजून दहा वर्षं जातील. आपल्या हातातल्या तीन गोष्टी सांगतो.

एक, वही. प्रत्येक रोबोला एक शंभर पानी वही. त्यात पाच मुद्दे: काय बनवलं, काय मोडलं, भाग कुठून आणला, खर्च किती झाला, पुढच्या बॅचला काय सांगायचं. भाषा तुमची, अहिराणीत लिहा, चालेल. वायरिंगचे फोटो मोबाइलमध्ये काढता ना, त्यांच्या प्रिंट चिकटवा. आणि ती वही कॉलेजच्या लायब्ररीत द्या, तिला रीतसर दाखल नंबर पाडून घ्या. सर बदलतात, सीनियर जातात, लायब्ररीचं रजिस्टर राहतं.

कुणी म्हणेल, सगळं लिहिलं तर समोरचे चोरतील. चोरू द्या की. फर्स्टच्या स्पर्धेत अनेक टीम आपला कोड आणि डिझाइन स्वतःहून उघड करतात, आणि तरी जिंकतात. त्यांच्या काही स्पर्धांत टीमच्या नोंदींवर परीक्षक वेगळं बक्षीस ठरवतात. समोरच्याला तुमचा पंजा कळला म्हणून तुमचा हात तुटत नाही.

दोन, एक समाईक स्पर्धा. एक वर्ष जळगाव, एक वर्ष धुळे. सकाळच्या एसटीने यायचं, रात्री घरी. प्रवेश फी कमी. आणि अट एकच: वही आणल्याशिवाय रोबो मैदानात उतरणार नाही. पहिलं बक्षीस रोबोला, तेवढ्याच रकमेचं बक्षीस वहीला. थीमही आपलीच ठेवा. केळीचा घड न दुखावता उचलून ट्रॉलीत ठेवायचा. कापसाच्या दोन ओळींमधून झाड न मोडता जायचं. लगोरी जगाला चालते, तर केळीचा घड का नाही चालणार?

तीन, वर्कशॉपची वेळ. आठवड्यातून दोन दुपारी, लेक्चरच्या वेळापत्रकात. मग गेट, एसटी, अंधार, हे प्रश्नच येत नाहीत. आणि दुपारी लॅब उघडी असली की पहिल्या वर्षाची पोरंही डोकावतात.

यातलं काहीही केलं नाही तरी आपली मुलं इंजिनिअर होतील, पुण्याला जातील, पगार कमावतील. पण मागे राहिलेला शिरपूरचा किंवा चोपड्याचा पहिल्या वर्षाचा मुलगा पुन्हा तिथूनच सुरू करेल जिथून त्याच्या सीनियरने केलं होतं. आणि ज्याच्या घरी दुसऱ्यांदा मोटर घ्यायला पैसे नाहीत, त्याचं रोबोटिक्स पहिल्या जळालेल्या मोटरपाशीच थांबेल. वहीतली एक ओळ त्याचे सातशे रुपये वाचवू शकते.

तर आजचं काम. तुम्ही कुठल्याही टीममध्ये असाल किंवा होतात, तर हा एपिसोड संपल्यावर फोनची गॅलरी उघडा. रोबोचे जुने फोटो शोधा. त्यातला एक घ्या, त्यात काय चुकलं होतं ते चार ओळींत लिहा आणि तुमच्या ज्युनिअरला पाठवा. पुण्यात, बेंगळुरूत असाल तरीही पाठवा. पाच मिनिटं लागतील.

पुढच्या भागात चाळीसगाव-धुळे रेल्वेची गोष्ट घेऊन येतो. तोवर बॅटरी चार्ज ठेवा, पण रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. भेटूया.